सावळ्या नायिकेच्या वाट्याला सुख कधी?

दौंड सोडून गाडी सोलापूरच्या दिशेने निघाली की कुर्डुवाडीच्या अलीकडे जेऊर लागतं. करमाळा तालुक्यातलं गाव. उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथे ऊस नि केळी, नाही पोचलं तिथे ज्वारी. खुरपणीला, तोडणीला, बाजाराला जाणाऱ्या इथल्या बायका वर्षातला बहुतेक काळ उन्हात असतात. दिग्दर्शक नागराज मंजुळे हेच चेहरे बघत लहानाचे मोठे झाले. मराठी पडद्यावर मात्र असे चेहरे नायिकेच्या मागे, पाणवठ्यावरच्या गर्दीत दिसायचे. घागर भरून त्या निघून जायच्या आणि गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी असायची.

२९ एप्रिल २०१६ रोजी मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याची नायिका रिंकू राजगुरू जवळच्याच माळशिरस तालुक्यातली, अकलूजची. आई-वडील दोघेही शिक्षक. चित्रपट लागला तेव्हा तिला पंधरावं वर्षही पुरं झालं नव्हतं, आणि त्याआधीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची विशेष नोंद झाली होती. सडपातळ बांधा नाही, गोरा रंग नाही, शहरी बोलणं नाही. नायिकेच्या मापाची जी पट्टी मुंबईत तयार असते, तिच्यात ती बसत नव्हती.

तरी रिंकूने साकारलेल्या आर्चीचं खरं वेगळेपण तिच्या रंगात किंवा बांध्यात नाही. ते तिच्या वाट्याला आलेल्या गोष्टीत आहे. आर्ची बागायतदार राजकारण्याची लेक आहे. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना बाहेर निघायला सांगते. आवडलेल्या परशाकडे ती स्वतःहून बघते, रोखून बघते, आणि कॅमेराही तिच्याकडे कौतुकाने बघतो. रापलेल्या गव्हाळ रंगाची मुलगी पडद्यावर श्रीमंत, हट्टी, हसरी आणि हवीहवीशी असू शकते, हे मराठी प्रेक्षकाने इतक्या ठसठशीतपणे क्वचितच पाहिलं होतं. शेवटी तिचाही जीव जातो. पण तो जातीने घेतलेला जीव आहे; तिच्या दिसण्याची कुणी कीव करत नाही.

याच दिग्दर्शकाच्या आधीच्या ‘फँड्री’त चित्र उलटं होतं. तिथला जब्या डुकरं धरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला, काळासावळा पोरगा. आणि त्याला हवी असलेली शालू गोरी, वरच्या जातीतली. ती आपली व्हावी म्हणून तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. रंग आणि जात आपल्याकडे किती घट्ट चिकटलेली आहेत, हे त्या एका धावण्यात दिसतं. ‘फँड्री’ २०१४ साली महाराष्ट्रात लागला. म्हणजे शालूपासून आर्चीपर्यंत यायला दोनच वर्षं लागली. मराठी सिनेमाला त्याआधी कितीतरी दशकं लागली होती.

त्या दशकांत स्मिता पाटील होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची, जीन्सवर साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं तिच्याबद्दल आवर्जून सांगितलं जातं. श्याम बेनेगल यांनी तिला सिनेमात आणलं. सावळा रंग, मोठे डोळे आणि ओठांची ठाम ठेवण यांचं पुढे एवढं कौतुक झालं की आज तिला सुंदर म्हणायला कुणालाच धीर करावा लागत नाही. पण तिच्या भूमिका एकेक करून आठवून पाहाव्यात. ‘मंथन’मधली दूध घालणारी बिंदू, ‘जैत रे जैत’मधली ठाकर समाजातली चिंधी, ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा. ‘भूमिका’ तर हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर आधारलेला, एका नटीच्या होरपळीची कहाणी. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोन्हींसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि ते तिच्या अभिनयाचं सोनंच होतं. तरीही तिच्या रंगाला सिनेमाने मुख्यतः कष्टकरी, शोषित बाईच्या घरात जागा दिली, हे नाकारता येत नाही. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’तली सुलभा महाजन वेगळी ठरते ती यामुळेही. ती सुशिक्षित आहे, सुखवस्तू घरातली आहे आणि तिचं दुःख तिच्या निर्णयातून आलेलं आहे.

दुसरी बाजू जास्त बोचणारी आहे. ‘चक्र’ची जाहिरात करताना उघड्यावर अंघोळ करणाऱ्या स्मिताचं चित्र फलकांवर झळकवलं गेलं. गरीब बाईची असहायता दाखवणारं दृश्य तिकीट विकायला वापरलं गेलं. गोऱ्या नायिकेला स्वप्नात ठेवायचं आणि सावळीला रस्त्यावर, ही वाटणी त्या फलकांनी उघडी पाडली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी स्मिता गेली. ही वाटणी मोडायला तिला आणखी वीस वर्षं मिळायला हवी होती.

तिच्यानंतर आलेल्यांची वाटही फारशी रुंद झाली नाही. कोल्हापूरच्या उषा जाधव यांना ‘धग’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भूमिका होती स्मशानात काम करणाऱ्याच्या बायकोची. ‘फँड्री’त जब्याची आई झालेल्या छाया कदम यांनी ‘न्यूड’मध्ये जे. जे. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणारी बाई साकारली. ‘लापता लेडीज’मध्ये त्या स्टेशनवर चहाचं दुकान चालवणारी मंजू माई झाल्या. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’मध्ये त्या रत्नागिरीकडून मुंबईत आलेली, इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती आहेत; या चित्रपटाला २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. तिथे त्या आईची साडी नेसून, आईची नथ घालून गेल्या. या सगळ्या भूमिका सुंदर आहेत आणि छायाताईंनी त्या जिवंत केल्या आहेत. पण एखादी डॉक्टर, बंगल्यातली मालकीण किंवा नुसतीच प्रेमात पडलेली बाई म्हणून त्यांचं नाव दिग्दर्शकांना किती वेळा सुचतं?

चेहऱ्याने आयुष्य कसं वळतं याचं सर्वांत कठोर उदाहरण याहून जुनं आहे. येवल्याच्या ललिता पवार मूकपटांच्या काळापासून नायिका होत्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसली आणि त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. उपचारांत सुमारे तीन वर्षं गेली, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचं काम संपलं ते संपलंच. पुढे तोच डोळा खाष्ट सासूची ओळख झाला, आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये त्यांनी साकारलेली मंथरा घराघरांत पोचली. ‘अनाडी’तली मायाळू मिसेस डिसा मात्र हृषीकेश मुखर्जींनाच दिसली, आणि त्या भूमिकेने ललिताबाईंना फिल्मफेअर मिळवून दिलं. डोळा तोच होता. त्यात दुष्टपणा शोधणारे बघणारे होते.

आजची मालिकासृष्टी या बाबतीत पुढे गेली आहे असं म्हणवत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेचा विषयच सावळी नायिका हा होता. ती लोकप्रिय झाली, रंगभेदावर घराघरांत बोललं गेलं, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण त्यातल्या दीपासाठी गोऱ्या वर्णाच्या रेश्मा शिंदे यांना रोज मेकअप करून सावळं केलं गेलं. रेश्मा यांनी काम मन लावून केलं. प्रश्न त्यांचा नाहीच. सावळ्या मुलीची गोष्ट सांगतानाही सावळी मुलगी शोधायची गरज वाटत नसेल, तर ती गोष्ट कुणासाठी चालली आहे?

रिंकूचं पुढे काय झालं तेही पाहायला हवं. प्रसिद्धीमुळे तिला इतर मुलींसारखं शाळेत जाणं अवघड झालं आणि दहावीची परीक्षा तिने बाहेरून दिली. ‘कागर’, ‘झुंड’, वेबमालिका असं काम तिने केलं. दरम्यान तिचं वजन किती वाढलं, किती उतरलं, ती आता ओळखू येते का, याच्या बातम्या मात्र तिच्या अभिनयाहून जास्त छापून आल्या. जिच्या साधेपणावर महाराष्ट्र भाळला, तिनेच त्या साधेपणातून बाहेर पडावं अशी घाई त्याच महाराष्ट्राला झाली होती. एका वाढत्या वयाच्या मुलीवर हा अन्याय होता. ‘सैराट’च्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, पुण्यात जन्मलेल्या अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी एका विनोदी कार्यक्रमातून उठून बाहेर पडल्या, कारण तिथे त्यांच्या रंगावरून टिंगल चालली होती. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं आणि वाहिनीला माफी मागावी लागली. प्रत्येकीला असं उठून जाणं परवडत नाही. गावाकडच्या मुलीला तर नाहीच.

गावाकडे ती जाणार कुठे? उन्हात हिंडू नको, काळी पडशील, हे तिला कळायला लागल्यापासून ऐकावं लागतं. १९७५ मध्ये आलेली ‘फेअर अँड लव्हली’ची ट्यूब गावोगावच्या किराणा दुकानांपर्यंत पोचली. गोऱ्या रंगाशिवाय यश नाही असं सुचवणाऱ्या जाहिरातींना जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये आडकाठी केली. २०२० मध्ये क्रीमचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं आणि एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने रंगानुसार स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली. इतका बदल झाला. पण लग्नाच्या बायोडेटात जन्मतारीख, रास, उंची यांच्यासोबत वर्णाची ओळ अजून आहे. सावळ्या मुलीच्या बापाने तिथे ‘गहूवर्णीय’ लिहायचं आणि बघायला आलेल्यांनी पोहे खाताना ते तपासून पाहायचं. एम.एस्सी. झालेली, बँकेत लागलेली मुलगीही यातून सुटत नाही.

म्हणून मागणी दोन ठिकाणी करायची आहे. पहिली लेखक-दिग्दर्शकांकडे. सावळ्या, जाड, पसरट नाकाच्या, दात पुढे असलेल्या मुलींना तुमच्या गोष्टीत घ्या आणि त्यांच्या दिसण्याबद्दल त्या गोष्टीत एक शब्दही काढू नका. त्यांना वकील करा, सरपंच करा, प्रेमात पाडा, सहलीला पाठवा. दुसरी मागणी जेऊर-करमाळ्याच्या, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराकडे. येत्या लग्नसराईसाठी मुलीचा बायोडेटा तयार कराल तेव्हा वर्णाची ओळ गाळा. तिचं शिक्षण लिहा, तिचं काम लिहा, तिला काय हवंय ते तिला विचारून लिहा. मुलाकडच्यांनी फोन करून रंग विचारला, तर स्थळ जमणार नाही असं तिथल्या तिथे कळवा.