पोकळ पावडर उरणमध्येच बनवा

बोकडवीऱ्याचं वायू विद्युत केंद्र, म्हणजे उरणकरांचं जीटीपीएस, 672 मेगावॅटचं आहे. 108 मेगावॅटच्या चार गॅस टर्बाईन आणि त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे 120 मेगावॅटचे दोन वाफेचे संच. वायू पुरेसा मिळत नाही म्हणून हे केंद्र वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेने चालत नाही, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. टर्बाईनच्या पोटात जी झीज होते, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

टर्बाईनमधले निकेलचे मिश्रधातू 1300 अंशांच्या आसपास वितळू लागतात आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडतात. ज्योत तर त्याहून कितीतरी तापलेली. म्हणून धातूला आतून हवेने थंड ठेवतात आणि वरून सिरॅमिकचा लेप देतात. हा लेप बहुधा अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. तो झिर्कोनियाचा असतो, त्यात 6 ते 8 टक्के यिट्रिया मिसळलेलं. नुसतं झिर्कोनिया 1170 अंशांच्या सुमारास स्फटिकरचना बदलतं, त्याचं आकारमान बदलतं आणि लेप तडकतो. यिट्रिया ते रोखतं.

खरी कारागिरी आहे ती लेपाच्या पावडरीत. झिर्कोनिया आणि यिट्रिया बारीक दळून, पाणी आणि चिकटवणारं द्रव्य घालून त्यांचा पातळ रबडा करतात. दूध पावडरीच्या कारखान्यात असतो तशा स्प्रे ड्रायरमध्ये तो फवारला की सच्छिद्र गोळ्या मिळतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या. या गोळ्या प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने प्रचंड तापवलेल्या वायूच्या, झोतात सोडतात. तिथलं तापमान दहा हजार अंशांच्या घरात, आणि गोळी आत असते ती फक्त काही सहस्रांश सेकंद. तेवढ्यात चिकटवणारं द्रव्य जळून जातं, बाहेरची कड आधी वितळते, आतले कण त्या वितळलेल्या कडेला ओढले जातात आणि मधे हवा अडकते. झोताबाहेर पडताच गोळी थिजते. हाती येतो तो पाणीपुरीच्या पुरीसारखा, पातळ कवचाचा पोकळ कण. गोळी मोठी राहिली तर गाभा कच्चा राहतो, फार घट्ट बांधली गेली तर भरीव गोटी बनते. इथे माणसाचा हात आणि नजर लागते. अशा पोकळ सिरॅमिक कणांचं पेटंट अमेरिकेतल्या मेटको कंपनीला 1984 मध्ये मिळालं.

हेच कण पुन्हा प्लाझ्माने धातूवर फवारले की पातळ कवच चटकन वितळतं आणि चपट्या पापुद्र्यांचे थर बसतात. पापुद्र्यांमधल्या फटी उष्णतेची वाट अडवतात. भरीव झिर्कोनियाच्या तुलनेत अशा लेपातून निम्मी किंवा त्याहून कमी उष्णता पुढे जाते. शिवाय असा लेप थोडा लवचीक राहतो.

उरणला हा लवचीकपणा फार मोलाचा आहे. वायू कमी पडला की संच बंद, मिळाला की सुरू. प्रत्येक वेळी धातू जास्त आकसतो-फुगतो, सिरॅमिक कमी, आणि त्या ओढाताणीत लेप सुटतो. एकसारख्या चालणाऱ्या टर्बाईनपेक्षा थांबत-थांबत चालणारी टर्बाईन लेपाला जास्त मारते. त्यात समुद्राची खारी हवा. मीठ आणि गंधक एकत्र आले की तापलेला धातू पोखरला जातो, म्हणून सिरॅमिकखाली क्रोमियम-ॲल्युमिनियमयुक्त धातूचं अस्तर द्यावं लागतं. ज्या गावात हे प्रश्न रोजचे आहेत, त्या गावात त्यांची विद्या असायला हवी.

आज या दर्जाची पावडर जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने, यिट्रिया ज्यापासून बनतं त्या यिट्रियमसह सात दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा हे परावलंबन किती महागात पडू शकतं ते दिसलं. झिर्कोनिया जिच्यातून मिळतं ती झिर्कॉनची वाळू केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर आहे. प्लाझ्मावर काम करणारे शास्त्रज्ञ खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहेत. मग अडतं कुठे? माझ्या मते, मागणी एकत्र बांधण्यात. एकट्या बोकडवीऱ्याच्या जोरावर असा कारखाना उभा राहणार नाही हे मान्य. पण देशभर गॅस टर्बाईन आहेत, आणि विमानांच्या इंजिनांनाही हेच लेप लागतात. नवा विमानतळ शेजारीच झाला आहे. विमानाच्या कामाची प्रमाणपत्रं मिळायला वर्षं जातील, म्हणून सुरुवात वीजकेंद्राच्या सुट्या भागांपासून करावी.

जानेवारी 1984 मध्ये इथले पाच शेतकरी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढताना पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला कंटेनर यार्डातलं कंत्राटी काम यावं आणि तेवढ्यावर समाधान मानावं, हे मला पटत नाही. प्लाझ्मा फवारणी हा हुन्नर आहे. त्यात कानठळ्या बसवणारा आवाज, डोळे जाळणारा प्रकाश आणि बारीक धूळ आहे; संरक्षणाची साधनं आणि बंद खोली याशिवाय तो कुणालाही शिकवू नये. पण नीट शिकवला तर जगात कुठेही पोट भरेल.

हे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीने दुरुस्तीच्या कंत्राटांत स्थानिक प्रशिक्षणाची अट घालावी, सिडकोने द्रोणागिरीत जागा द्यावी, आणि रायगडच्या आयटीआयमध्ये येत्या प्रवेशाच्या आधी फवारणीचा अभ्यासक्रम मंजूर व्हावा. वाचकांनी आपापल्या ग्रामसभेत तसा ठराव मांडावा, ही विनंती.