आवाजामागे राहिलेला कवी

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या कबरीमुळे परिचित आहे. गावाच्या नावातील 'रहमत' अरबी आणि 'पूर' संस्कृत. तेथील रहिवासी हे नाव रोज उच्चारतात, परंतु त्यात दोन भाषांचा सांधा आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. 'शाहीर' या शब्दाचेही तसेच आहे. अरबी भाषेत 'शाइर' म्हणजे कवी; मराठीत येताच तो डफाच्या साथीने उभा राहून गाणारा झाला. ज्या पोवाड्याच्या परंपरेतील आरंभीची उपलब्ध रचना अफजलखानाच्या वधावरची आहे, तो पोवाडा गाणाऱ्यालाही मराठीने अरबी नावच दिले, ही मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे.

मात्र शब्द अरबीतून मराठीत येताना त्यातील कवी थोडा मागे पडला आणि गाणारा पुढे आला. शाहीर अमर शेख यांच्या वाट्याला नेमके हेच आले. दर वर्षी १ मे रोजी त्यांच्या पहाडी आवाजाचे स्मरण होते, आणि तेवढ्यावर कर्तव्य संपते.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. काव्याचे पहिले संस्कार त्यांच्यावर झाले ते आई मुनेरबी यांच्या तोंडच्या लोकगीतांतून. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली. संपात पुढाकार घेतला म्हणून विसापूरचा तुरुंगही पाहिला. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत असताना मेहबूब पटेलांचे 'अमर शेख' झाले. परंतु चित्रपटाच्या झगमगाटात ते रमले नाहीत. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि शेतकरी-कामगारांचे प्रश्न गाण्यातून मांडण्यास आरंभ केला. यांतील अण्णाभाऊ वाळवे तालुक्यातील वाटेगावचे, म्हणजे त्या वेळच्या सातारा जिल्ह्याचेच सुपुत्र.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी जे काम केले, त्याचे मोल पुष्कळदा 'वातावरणनिर्मिती' या शब्दात केले जाते. हा शब्द अपुरा आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल किती खेडुतांनी वाचला असेल? मुंबई महाराष्ट्राला का मिळाली पाहिजे, हा घटनात्मक आणि आर्थिक प्रश्न निरक्षर माणसाला पटवून देण्याचे काम अग्रलेखांच्या आवाक्याबाहेरचे होते. ते शाहिरांनी केले. १९५७ च्या निवडणुकीत सातारा मतदारसंघाने क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेत पाठविले. त्या विजयामागे प्रतिसरकारची पुण्याई होती, तशीच गावोगावच्या मैदानांतून उठलेली ही गाणीही होती.

मात्र अमर शेख केवळ इतरांची गाणी गाणारे कलावंत नव्हते. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह आहेत. 'पहिला बळी' हे नाटकही त्यांच्या नावावर आहे. तरीही मराठी कवितेची चर्चा होते तेव्हा त्यांचे नाव कवींच्या यादीत क्वचितच येते. त्याचे एक कारण उघड आहे. प्रसंगासाठी रचलेले गीत प्रसंग सरल्यावर फिके पडते आणि आवाजाचा आधार काढून घेतला की काही ओळी लंगडतात; अमर शेख यांची प्रत्येक रचना यातून सुटते असे कोणी म्हणणार नाही. परंतु हा न्याय त्यांना एकट्यालाच का लावावा? छापील कवितेत काळाच्या ओघात फिके पडलेले काय थोडे आहे? खरी गोष्ट अशी, की जी कविता आधी कानांवर पडते, तिला आपले सुशिक्षित जग काहीसे खालच्या पंक्तीला बसवते. इजिप्तमध्ये अहमद शौकी यांच्यासारख्या थोर कवीच्या रचना उम्म कुलसूम यांनी गायिल्या आणि त्या साऱ्या अरब जगात घरोघरी ऐकल्या गेल्या. तेथे त्यामुळे शौकींचे कवित्व उणे ठरले नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हल्ली भाषेला धर्म चिकटविण्याची सवय वाढत चालली आहे. मुसलमान मराठी माणसाने आपले मराठीपण सिद्ध करावे अशी अपेक्षा उघड किंवा आडून व्यक्त होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, सगनभाऊंनी लावणी सजविली, आणि मराठी भाषकांच्या राज्यासाठी गावोगाव गर्जणारा एक आवाज मुनेरबींच्या मुलाचा होता. अमर शेख यांनी आपला धर्म लपविला नाही की मिरविला नाही. नाव बदलले तेव्हाही त्यात 'शेख' राहिलेच.

१९६९ हे वर्ष या पिढीच्या दृष्टीने क्रूर ठरले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ, आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात मृत्यू पावले. अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज थांबले. अमर शेख त्या वेळी अवघे ५२ वर्षांचे होते.

मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु अध्यासनापासून रहिमतपूरच्या शाळेतील वर्ग बराच दूर आहे. तेथील मुलांना महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा धडा शिकविताना एखादा तास 'कलश'मधील कवितेसाठी काढणे शिक्षकांना अशक्य नाही. त्यासाठी पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. गावच्या वाचनालयाने दोन पुस्तके मागविली तरी पुरे.