काटा खुंटाचा की डोळ्याचा?

लिंबूवर्गीय झाडाच्या पानाच्या बगलेत एका सुप्त डोळ्याशेजारीच काटा उगवतो. गुलाबाचा काटा सालीवरचा असतो आणि बोटाने दाबला की निखळतो. संत्र्या-लिंबाचा काटा मात्र आतल्या लाकडाशी जोडलेला असतो. ती वाढ खुंटलेली फांदीच आहे. तिच्या टोकाच्या वाढत्या पेशी ठरावीक काळानंतर विभाजन थांबवतात आणि टोक कठीण होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ही थांबण्याची क्रिया घडवणारी दोन जनुके दाखवून दिली. ती निकामी केल्यावर काट्यांच्या जागी फांद्या फुटल्या.

नव्या बागेत पहिल्या-दुसऱ्या वर्षी लांब काटे दिसले की बागायतदाराला पहिली शंका येते ती फसवणुकीची: संत्र्याच्या नावाखाली जंबेरी (ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात ते लिंबूवर्गीय झाड) तर दिली नाही? ही शंका काट्याच्या लांबीवरून मिटत नाही, काटेरी फांदी कोठून निघाली हे पाहून मिटते. म्हणून आधी खोडावरचा कलमाचा जोड शोधावा. जोडाच्या वर आणि खाली साल व खोडाची जाडी थोडी वेगळी दिसते आणि जोडाशी हलका बाक असतो. लागवडीत हा जोड मातीखाली गेला असेल तर ओळख पटत नाहीच, शिवाय डिंक्याच्या बुरशीला वाट मोकळी होते. जोड जमिनीपासून वीतभरापेक्षा वर असावा हा नियम या दोन्ही कारणांसाठी पाळायचा.

जोडाखालून निघालेली फूट खुंटाची, म्हणजे ज्यावर डोळा बांधला त्या मुळाकडच्या झाडाची. जंबेरीचा कोवळा शेंडा जांभळट-गुलाबी असतो, संत्र्याचा हिरवा. जंबेरीचे पान चुरगाळले तर लिंबाचा वास येतो आणि संत्र्याच्या पानापेक्षा ते रुंद असते. रंगपूर लिंबाच्या शेंड्यावरही जांभळी झाक असते. त्रिपर्णी संत्रा किंवा त्याच्या संकराचा खुंट असेल, तर एका देठावरची तीन पाने पाहताच निकाल लागतो. अशी फूट कोवळी असताना अंगठ्याने खुडून टाकावी. जून झाल्यावर ती वरवर छाटली तर बुडाचे डोळे शिल्लक राहतात आणि एकीच्या जागी तीन फुटी येतात, म्हणून अशा वेळी खोडालगत साफ कापणे भाग असते. पहिली दोन-तीन वर्षे प्रत्येक नव्या पालवीनंतर खोडाचा बुंधा तपासला पाहिजे. हे काम सोपे असूनही सर्वांत जास्त टाळले जाते. जोमदार खुंट वरच्या कलमाचे अन्न ओढून घेतो आणि काही वर्षांत संत्र्याच्या जागी जंबेरीचे झाड उभे राहते. वरचा भाग मेलाच असेल, तर खुंटाची एक सरळ फूट राखून हंगामात तिच्यावर पुन्हा डोळा भरावा किंवा झाड बदलावे.

जोडाच्या वरचे काटे मात्र कलम केलेल्या जातीचेच असतात. त्यांचा उगम बालावस्थेत आहे. बियांपासून आलेले लिंबूवर्गीय रोप काटेरी, उभट वाढीचे आणि उशिरा फळणारे असते. झाड मोठे झाल्यावर वरच्या, फळणाऱ्या फांद्यांचे काटे आखूड होतात किंवा नाहीसे होतात. बुंध्याजवळचे डोळे मात्र बालावस्थेतच राहतात. डोळा आपली अवस्था बरोबर घेऊन जातो. त्यामुळे डोळकाडी (डोळे काढण्यासाठीची काडी) बुंध्याजवळच्या फुटीवरून घेतली की कलम काटेरी निघते, आणि तीच फळलेल्या फांदीवरून घेतली की काटे कमी होतात. पानसोटांचा, म्हणजे जोमाने सरळ वाढणाऱ्या फुटींचा, जोमही काट्यांना पोषक असतो. भरमसाट नत्र आणि जबर छाटणीने असा जोम पुन्हा पुन्हा येतो.

बियांतील मातृपेशींपासून तयार झालेली न्युसेलर रोपे विषाणूंपासून बहुधा मुक्त असतात, म्हणून त्यांच्यापासून मातृवृक्ष वाढवले गेले. पण त्यांची बालावस्था दीर्घ असते, काटेही भरपूर असतात. १९७० च्या दशकात विकसित झालेल्या शेंडा-कलम तंत्राने ही अडचण दूर केली. यात प्रौढ झाडाच्या शेंड्याचा अतिसूक्ष्म भाग प्रयोगशाळेत रोपावर बांधतात. त्यामुळे रोग मागे राहतो आणि प्रौढपणा पुढे जातो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांसाठी हेच तंत्र वापरले जाते.

रोपवाटिकाधारकाने डोळकाडी फळणाऱ्या, गोलसर, निरोगी फांदीवरून घ्यावी; पानसोट कितीही रसरशीत दिसला तरी तो घेऊ नये. मात्र बिनकाट्याची काडी ट्रिस्टेझा किंवा ग्रीनिंगग्रस्त झाडाची असेल, तर तिच्यापेक्षा तपासलेल्या मातृवृक्षाची काटेरी काडी केव्हाही श्रेष्ठ. काटे वयाबरोबर कमी होतात, रोग वयाबरोबर वाढतो. काटे पाहून चांगले कलम उपटून टाकणे हे नुकसानच आहे.

काटे छाटले तर झाडाचे बिघडत नाही. खोडावरचे आणि फळांना घासणारे काटे सिकेटरने बुडाशी कापावेत, ओरबाडून काढू नयेत. वाऱ्याने हलणारा काटा पाने व फळे ओरखडतो. कागदी लिंबावर त्याच जखमांतून पावसाळी वाऱ्याबरोबर खैऱ्याचे जिवाणू शिरतात, तर संत्र्यावर काढणीनंतर हिरवी-निळी बुरशी तेथूनच सुरू होते. त्यामुळे छाटणी कोरड्या दिवसांत करावी, झाडागणिक पाते निर्जंतुक करावे आणि नंतर ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारावे. कापलेले काटे आळ्यात पडू देऊ नयेत. वाळल्यावरही ते मजुरांच्या पायात आणि फवारणी यंत्राच्या टायरमध्ये सहज घुसतात. गोळा करून बागेबाहेर जाळून टाकणेच बरे.