झोपेची खतावणी

परीक्षा जवळ आली की आमच्या वसतिगृहात एक स्पर्धा सुरू होते. "काल मी तीनपर्यंत जागलो," असे एकाने म्हणावे, की दुसरा म्हणतो, "मी तर झोपलोच नाही!" जागरण म्हणजे मेहनत, हे आपण बिनतक्रार मान्य केले आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हा हिशेब चुकीचा वाटतो.

झुरिकचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली झोपेचे गणित मांडले. त्यात दोन प्रक्रिया आहेत. पहिली 'एस' : जागेपणी झोपेची गरज साचत जाते, झोपेत ती फिटते. दुसरी 'सी' : मेंदूतले घड्याळ. ते चोवीस तासांच्या फेऱ्यात कधी जागे ठेवते, कधी झोपेकडे ढकलते. आपण किती वेळ जागे आहोत, याची ते दखल घेत नाही.

झोपेतली ही फेड आपल्या घसाऱ्यासारखी आहे. घटत्या शिल्लक पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीचा ठराविक हिस्सा कमी होतो. १९८४ च्या सुधारित मांडणीप्रमाणे झोपेत दर तासाला उरलेल्या गरजेचा सुमारे पाचवा हिस्सा उतरतो. म्हणजे चार तासांत साठ टक्के, आठ तासांत पंचाऐंशी. चार तास झोपणाऱ्याची बाकी दुसऱ्या दिवसावर ओढली जाते.

खरी फसगत सकाळी होते. रात्रभर जागल्यावर पहाटे चार-पाचला डोळे मिटू लागतात, पण आठ वाजता हुशारी वाटते. ती घड्याळाने दिलेली. कर्ज तसेच असते. चहाही झोपेची सूचना अडवतो, गरज फेडत नाही. गेल्या वर्षी मी असाच 'ताजातवाना' होऊन पेपरला बसलो. तेरीज जुळेना. ७,२०० चे २,७०० लिहिले होते. फरकाला नवाने भाग गेला तर आकडे उलटे पडलेले असू शकतात, हे पी. यू. सी.ला शिकलो होतो. आठवले ते बाहेर पडल्यावर!

अभ्यास राहिला असेल तर काय करायचे, असे कोणी विचारेल. तरीही बाराला पुस्तक मिटून पाचला उठावे. सत्तर टक्के देणे फिटते. प्राध्यापकांनीही 'रात्रीचा दिवस केला' म्हणून कुणाची पाठ थोपटू नये.

माझा खोलीतला मित्र 'निद्दे' म्हणतो, मी 'झोप' म्हणतो. देणे मात्र दोघांनाही चुकत नाही.