विश्लेषण : कामगार संघटनांची गरज संपली की वाढली? एसटी, आशा आणि फवारणी मजुरांचा अनुभव काय सांगतो?

यवतमाळ-दारव्हा मार्गावरच्या बोरी अरबसारख्या गावात ‘कामाचे ठिकाण’ म्हटले की कारखान्याचा भोंगा आठवत नाही. इथले कामगार म्हणजे एसटीचा चालक-वाहक, आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, बाजारातला हमाल आणि हंगामात पाठीवर पंप घेऊन कपाशीत उतरणारा मजूर. यांतील काहींच्या मागे संघटना आहे, काहींच्या मागे कुणीच नाही. नव्या कामगार संहितांमुळे संघटनांच्या गरजेचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. त्याचे उत्तर मोठ्या शहरांपेक्षा अशा गावांत अधिक स्पष्ट दिसते.

चर्चा आताच का?

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्याचे जाहीर केले. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता या विषयांवरील २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. १९२६ चा कामगार संघटना कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. दहा केंद्रीय कामगार संघटनांनी संहितांना विरोध करत निदर्शने केली, तर भारतीय मजदूर संघाने त्यांचे स्वागत केले. कालबाह्य कायदे सुटसुटीत झाले, असे सरकार आणि उद्योगांचे म्हणणे आहे. संघटनांची ताकद कमी करण्याचा हा मार्ग असल्याचे विरोधक म्हणतात.

संघटनांसाठी नेमके काय बदलले?

पहिला बदल वाटाघाटींबाबत आहे. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील, तर किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार मिळेल. एवढा पाठिंबा कुणालाच नसेल, तर किमान २० टक्के सदस्य असलेल्या संघटनांचे प्रतिनिधी घेऊन वाटाघाटी परिषद स्थापन होईल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सदस्यसंख्येची अट होती.

दुसरा बदल संपाबाबत आहे. पूर्वी आगाऊ नोटीस देण्याचे बंधन सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते. आता ते सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू असून, नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संप मानला जातो. तिसरा बदल कपातीबाबत आहे. सरकारी परवानगीशिवाय कामगार कपात करता किंवा बंद करता न येणाऱ्या कारखान्यांची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे.

‘संघटना नकोत’ हा सूर कुठून आला?

महाराष्ट्रात या सुराचे मूळ बहुतेकदा मुंबईच्या गिरणी संपात शोधले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. ‘संघटनेने गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य तेव्हापासून रूढ झाले.

त्या संपामागची कायद्याची गुंतागुंत मात्र फारशी सांगितली जात नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार मात्र सामंतांच्या मागे होते. मान्यता असलेल्या संघटनेवर कामगारांचा विश्वास नाही आणि विश्वास असलेल्या नेत्याला वाटाघाटीच्या टेबलावर जागा नाही, अशी ही कोंडी होती. ती सुटली नाही आणि गिरण्यांबरोबर कामगारही संपला.

संघटनांवरील इतर आक्षेपही निराधार नाहीत. एका आस्थापनेत डझनभर संघटना, प्रत्येकीमागे एखादा पक्ष, वर्षानुवर्षे तेच पदाधिकारी आणि सदस्याची आठवण फक्त वर्गणीपुरती, हा अनुभव अनेक कामगारांना आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, प्रसूती रजा हे सारे आता कायद्यातच असताना संघटना हवी कशाला, असाही प्रश्न विचारला जातो.

एसटीचे दोन संप काय सांगतात?

याचे ताजे उत्तर एसटीत सापडते. मालक तोच, कामगारही तेच, पण तीन वर्षांत झालेल्या दोन संपांचा शेवट अगदी वेगळा झाला.

करोनाकाळात रखडलेल्या पगारांमुळे त्रासलेले कर्मचारी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस आंदोलनात उतरले. महागाई भत्त्याची मागणी मान्य होताच संघटनांच्या कृती समितीने माघार घेतली. कर्मचाऱ्यांनी ती माघार मानली नाही. महामंडळाचे राज्य सरकारमध्ये विलीनीकरण, ही एकच मागणी पुढे आली आणि प्रस्थापित संघटना बाजूला पडल्या. आंदोलनाचा चेहरा झाले ते वकील गुणरत्न सदावर्ते. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात सेवाकाळानुसार अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली. एसटीच्या इतिहासात ही मोठी वाढ होती. पण ‘एवढे पदरात पाडून घेऊ, उरलेल्यासाठी पुढे लढू’ असे सांगण्याचा आणि ते पटवण्याचा अधिकार तोवर कुणाकडेच उरला नव्हता.

संप सुमारे साडेपाच महिने लांबला. हजारो कर्मचारी निलंबित वा बडतर्फ झाले. विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल समितीने दिला. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्या मुंबईतील निवासस्थानी आंदोलकांनी चपलाफेक केली आणि आंदोलनाची उरलीसुरली सहानुभूतीही ओसरली. या काळाची किंमत कर्मचाऱ्यांइतकीच प्रवाशांनीही मोजली. कॉलेजला किंवा दवाखान्यात यवतमाळला जाण्यासाठी ज्या गावांना एसटीखेरीज परवडणारा पर्याय नाही, त्यांच्यासाठी ते महिने खासगी गाड्यांच्या वाढीव भाड्याचे होते.

दुसरा संप ३ सप्टेंबर २०२४ चा. या वेळी संघटनांनी संयुक्त कृती समितीमार्फत एकत्र मागण्या मांडल्या. गणेशोत्सव तोंडावर होता, विधानसभा निवडणूकही जवळ आली होती. ४ सप्टेंबरला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बैठक झाली, मूळ वेतनात साडेसहा हजार रुपयांच्या वाढीचा निर्णय झाला आणि संप मागे घेतला गेला. निवडणुकीच्या वर्षाचा फायदा संघटनांना झाला, हे खरे. पण सरकारशी बोलणारे आणि संप थांबवू शकणारे लोक टेबलावर होते, हेही तितकेच खरे. संप सुरू करायला संताप पुरतो. तो योग्य वेळी आणि काहीतरी मिळवून थांबवायला संघटना लागते.

कामगाराचा दर्जाच नसेल तर?

आशा स्वयंसेविकांना कायद्याच्या लेखी कामगाराचा दर्जा नाही. त्यांना वेतन नव्हे, तर कामावर आधारित मोबदला मिळतो. गर्भवतींची नोंद, लसीकरण, सर्वेक्षण आणि मोबाइलवर माहिती भरणे ही कामे मात्र वर्षभर चालतात. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. मोबदल्यात सात हजार रुपयांच्या वाढीचे आश्वासन मिळाल्यावर त्या कामावर परतल्या. शासन निर्णय निघेना, तेव्हा १२ जानेवारी २०२४ पासून त्यांनी पुन्हा काम बंद केले. अखेर मार्च २०२४ मध्ये पाच हजार रुपयांच्या वाढीला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. मागणीपेक्षा हे कमी होते. तरी गावात एकटीने काम करणाऱ्या बाईला तोंडी आश्वासनाचे कागदात रूपांतर करून घेणे एकटीने जमले नसते.

अंगणवाडी सेविकांनीही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात दीर्घ संप केला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्वाळा दिला होता. हक्क निकालपत्रात मिळाला, तरी तो खात्यात जमा होईपर्यंत पाठपुरावा कुणीतरी करावाच लागतो.

संघटना नसेल तर काय होते?

त्याचे सर्वांत कटू उदाहरण यवतमाळ जिल्ह्यानेच पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात, जुलै ते ऑक्टोबरदरम्यान, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, अनेकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली.

कायदा तेव्हा नव्हता असे नाही. कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे आणि १९७१ च्या नियमांत संरक्षक पोशाखाची तरतूद आहे. पण आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणाऱ्या मजुराने हातमोजे, मास्क, चष्मा मागायचा कुणाकडे? त्याने नकार दिला तर पंप दुसरा कुणी उचलतो. शेतकरी स्वतःच कर्जात असतो, औषध विकणारा दुकानदार त्याचा मालक नसतो आणि कंपनी तर खूप दूर. भोवळ येते, डोळे चुरचुरतात अशा तक्रारी एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचवून वेळीच ‘थांबा’ म्हणणारी यंत्रणा मजुरांकडे नव्हती.

संघटन झाले ते नंतर. बाधितांनी ‘महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स’ ही संघटना उभी केली. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा या कंपनीविरोधात स्वित्झर्लंडमधील शासकीय संपर्क केंद्राकडे तक्रार गेली. कंपनीने जबाबदारी नाकारली. एका बाधिताचा आवाज यवतमाळच्या रुग्णालयाबाहेरही पोहोचला नसता, ५१ कुटुंबांचा स्वित्झर्लंडपर्यंत गेला.

एक मालक नसलेल्यांची संघटना होऊ शकते?

महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. हमाल रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचा माल उचलतो, म्हणून कायद्याने मंडळ मध्ये आणले. नोंदणीकृत व्यापारी मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी देते. ‘माथाडी’च्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारीही उद्योगांकडून येतात आणि त्यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण मूळ कल्पना आज अधिक उपयोगाची आहे. डिलिव्हरी करणारा तरुणही अनेक ग्राहकांचे काम करतो आणि ‘मालक’ शोधायला गेला तर ॲप सापडते. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा गिग कामगारांची प्रथमच दखल घेतली असून, ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. कामाचे दर आणि खाते बंद करण्याचे नियम मात्र कंपनीच ठरवते.

आयटीतल्या नोकरदाराचे काय?

विदर्भातील गावांतून पुण्याच्या हिंजवडीत गेलेल्या मुलांना संघटना हा आई-वडिलांच्या पिढीचा विषय वाटत असे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हा समज हलला. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने हा विषय केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेला. श्रीपेरुम्बुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यात तर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मधील ३७ दिवसांच्या संपाची प्रमुख मागणी पगार नव्हे, संघटनेला मान्यता ही होती.

मग प्रश्न कोणता उरतो?

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती आज निसर्गनियमासारखी वाटते. संघटनेने मिळवलेल्या गोष्टी सवयीच्या झाल्या की संघटनाच अनावश्यक वाटू लागते. प्रत्यक्षात गरज कायम आहे, विश्वास आटला आहे.

म्हणून नव्या संहितेत कळीचा मुद्दा ५१ टक्क्यांचा आकडा नाही, तो मोजायचा कसा हा आहे. कागदोपत्री सदस्य यादीवरून मान्यता मिळाली, तर १९८२ आणि २०२१ ची कोंडी पुन्हा होईल. ठरावीक मुदतीने गुप्त मतदान झाले, तर नेत्याला सदस्यांकडे परत जावे लागेल आणि मालकालाही कुणाशी बोलायचे ते कळेल. पण ही सारी चर्चा ज्यांच्याकडे हजेरीपट आहे त्यांच्यापुरती. दरवर्षी खरिपात कपाशी वाढते, पंप भरले जातात आणि हजेरीपटावर कुठेच नाव नसलेला मजूर शेतात उतरतो. त्याच्यासाठी माथाडीसारखे मंडळ कोण आणि कधी उभे करणार, हा प्रश्न चारही संहिता लागू झाल्यावरही शिल्लकच आहे.