लाखाची रायफल, मोलाचा स्क्रू

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी दहा मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी सुरू होती. मनू भाकर उत्तम नेम साधत होत्या. दुसऱ्या मालिकेत असताना त्यांच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. फैरीच्या जागेवरून उठून पिस्तूल दुरुस्त करून घेण्यात बरीच मिनिटे गेली. पंचाहत्तर मिनिटांत साठ फैरी झाडायच्या, असा हा खेळ. वाया गेलेला वेळ त्यांना भरून मिळाला नाही. उरलेल्या फैरी घाईने पूर्ण करूनही त्यांनी ५७५ गुण मिळवले, पण बाराव्या स्थानावर राहिल्यामुळे अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक पटकावून त्या दिवसाची भरपाई केली, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या सुट्या भागाने उपस्थित केलेला प्रश्न पदकामुळे मिटलेला नाही.

प्रकरण पिस्तुलाचे असले तरी धडा रायफलधारी नेमबाजांनाही तितकाच लागू आहे. आपल्याकडे नेमबाजीची चर्चा एकाग्रता, मनःशांती आणि प्रशिक्षक यांभोवती फिरते. ती योग्यच आहे. परंतु हा खेळ मनाइतकाच यंत्राचा आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा मध्यबिंदू अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. इतक्या सूक्ष्म हिशेबात कुठेतरी सैल झालेला एक स्क्रू वर्षभराच्या तपश्चर्येवर पाणी फिरवू शकतो.

याची उदाहरणे जागतिक पातळीवरही आहेत. अमेरिकेचे मॅट एमन्स २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकची तयारी करीत असताना त्यांच्या रायफलीला कोणीतरी जाणूनबुजून इजा केली. त्यांनी सहकारी खेळाडूची रायफल उसनी घेतली आणि पन्नास मीटर प्रोनचे सुवर्णपदक जिंकले. बीजिंगला ११ ऑगस्ट २००८ रोजी अंतिम फेरीपूर्वीच्या सरावाच्या फैरीत अभिनव बिंद्रा यांच्या लक्षात आले की, आपल्या रायफलीची साइट जागेवर नाही. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले आहे. हाताशी असलेल्या थोड्या वेळात त्यांनी साइट पुन्हा बसवली आणि अखेरच्या फैरीत १०.८ गुण मिळवून भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. या दोघांना तारले ते निव्वळ धैर्याने नव्हे. एकाकडे पर्याय होता, तर दुसऱ्याला आपले यंत्र नखशिखांत ठाऊक होते.

रेंजवर नेण्याच्या पिशवीत मग काय असावे? एअर रायफलधारकाने आपल्या रायफलीला लागणाऱ्या सर्व मापांच्या ॲलन की आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर प्रथम ठेवावेत. बट-प्लेट, चीक-पीस, साइट यांचे जादा स्क्रू, साइटच्या पुढच्या रिंगा, सिलिंडर जोडण्याच्या ठिकाणच्या ओ-रिंगा आणि हवा भरण्याचा ॲडॅप्टर यांना पर्याय नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर जादा बॅटरी हवीच. उच्च दाबाच्या हवेच्या जोडाला साधे तेल लावणे धोक्याचे असते, म्हणून उत्पादकाने सांगितलेले ग्रीसच ठेवावे. नळी पुसण्याचे फेल्ट, चिमटा, छोटा टॉर्च, चिकटपट्टी आणि नळीच्या पूर्ण लांबीची सेफ्टी दोरी यांची किंमत किरकोळ असते, पण ऐन वेळी त्यांचे मोल रायफलीएवढे होते.

पन्नास मीटर थ्री पोझिशन हा प्रकार आणखी नाजूक. येथे खऱ्या काडतुसाची बावीस बोअरची रायफल असते. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि त्यांच्या स्प्रिंगा हे झिजणारे भाग जोडीने असावेत. रायफलीचा धातूचा भाग लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या दस्त्यावर ज्या बोल्टने आवळलेला असतो, तो कमी-अधिक आवळला गेला तरी गोळीची जागा सरकते. म्हणून टॉर्क रेंच ही चैन नव्हे, गरज आहे. नीलिंगसाठीची गुंडाळी, स्लिंगचे हूक आणि हँड-स्टॉपचा स्क्रू हेही विसरून चालत नाही.

पिशवी भरणे हे अर्धेच काम. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साधने नियमात बसतात की नाही, याची जबाबदारी खेळाडूवरच असते. हवेच्या सिलिंडरची वैधता जास्तीत जास्त दहा वर्षे धरली जाते आणि ती मुदत पाहणे हेही त्याचेच काम आहे. पर्यायी रायफल वापरायची तर तीही तपासणीतून गेलेली असावी लागते. शिवाय रायफल बदलली की दस्ता, साइट, ट्रिगर सगळेच नव्याने अंगवळणी पाडावे लागते. त्यामुळे अनेकदा दुसऱ्या रायफलीपेक्षा वेळेवर सापडलेला सुटा भागच अधिक उपयोगी पडतो.

येथेच भारतीय नेमबाजाची खरी अडचण सुरू होते. वाल्थर, फाईनवेर्कबाऊ, आनशुट्झ या नामांकित रायफली जर्मनीच्या. त्यांचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. त्यातच १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे भागही येतात. त्यामुळे बावीस बोअरच्या रायफलीचा भाग मागवणे म्हणजे सायकलची चेन मागवणे नव्हे. राष्ट्रीय संघातील खेळाडूंना शासकीय योजनांचा आधार मिळतो. पण जिल्हा पातळीवरच्या मुलाच्या घरी कर्ज काढून घेतलेली एकच रायफल असते. तिची एक स्प्रिंग तुटली की पुढची स्पर्धा बुडते, आणि कधीकधी खेळही सुटतो.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर यांनी वाट घालून दिली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला थ्री पोझिशनचे ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवले. त्यांना पाहून रेंजवर येणाऱ्या मुलांची संख्या वाढणार, हे उघड आहे. त्या प्रत्येकाच्या पालकाने सुट्या भागांचा संग्रह स्वतः करावा, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल.

उपाय फार खर्चिकही नाहीत. प्रत्येक मोठ्या रेंजवर रायफल दुरुस्ती जाणणारा प्रशिक्षित आर्मरर नेमावा. प्रचलित रायफलींच्या झिजणाऱ्या भागांचा सामाईक साठा परवानाधारक संस्थेच्या ताब्यात ठेवावा आणि गरजूला किंमत घेऊन द्यावा. राज्य स्पर्धांच्या ठिकाणी दुरुस्तीचे टेबल सक्तीचे करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवोदित खेळाडूला नेम धरण्याबरोबरच आपली रायफल रिकामी करून, तपासून, तिची नियमित देखभाल करण्याचे शिक्षण पहिल्या वर्षापासून द्यावे. कोणता भाग स्वतः हाताळायचा आणि कोणता तज्ज्ञाकडेच सोपवायचा, हा विवेकही त्याच शिक्षणाचा भाग आहे. हवेच्या सिलिंडरच्या आतील भाग उघडण्याचा मोह टाळलेलाच बरा.

तहान लागल्यावर विहीर खोदायची, ही आपली जुनी खोड. टोकियोत तुटलेल्या लिव्हरवर आपण चार दिवस हळहळलो, दोष कोणाचा यावर वाद घातला आणि पॅरिसच्या पदकानंतर सारे विसरून गेलो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची तयारी रायफलींच्या खरेदीने आणि परदेशी शिबिरांनी होईलच. त्या यादीत सुट्या भागांच्या डबीलाही एक ओळ मिळावी, एवढीच अपेक्षा. पदक खेळाडूच्या गळ्यात पडते, पण हुकते तेव्हा कधीकधी ते आपण पुरवू न शकलेल्या एका स्प्रिंगमुळे हुकलेले असते.