पथ्याचं ताट रिकामं का?

दवाखान्यातून माणूस घरी आला की पहिल्या दोन दिवसांत त्याच्याभोवती एक यादी तयार होते. वांगं वातूळ, दही कफ करतं, अंडं उष्ण पडेल, शेंगदाण्याने पित्त खवळेल, डाळ जड. भेटायला येणारा प्रत्येक जण यादीत एकेक जिन्नस घालतो आणि जाताना उशाशी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा ठेवून जातो. आठवड्याभरात ताटात उरते भाताची पेज आणि कपात कोरा चहा. या उपासमारीला आपण पथ्य म्हणतो.

यादीची बाजू घेणारे काही अडाणी नसतात. मुदतीच्या तापात, म्हणजे विषमज्वरात, आतड्याला व्रण पडतात. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा आतडं फुटेल या धास्तीने डॉक्टरही रुग्णाला पातळ पदार्थांवर ठेवत. धास्ती खरी होती, पण तिच्यापायी माणूस उपाशी राहत होता. तापात शरीराचा खर्च वाढतो, आणि बाहेरून जमा झाली नाही की ते स्वतःचेच स्नायू मोडून खातं. डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज १९व्या शतकातच या उपासमारीविरुद्ध उभे राहिले. ‘याने तापकऱ्यांना जेवू घातलं’ एवढंच आपल्या थडग्यावर लिहावं, असं ते म्हणत, अशी आठवण सांगतात. पुढे न्यूयॉर्कच्या वॉरन कोलमन यांनी विषमज्वराच्या रुग्णांना मऊ, पण भरपूर उष्मांकांचं अन्न देण्याचा पुरस्कार केला. अन्न मऊ हवं हे खरं. थोडं हवं हे खोटं.

वगळावं लागतंच नाही, असं नाही. मधुमेहात साखर, हृदय थकलेलं असेल तर मीठ, मूत्रपिंडाच्या दुखण्यात आणखी काही. पण ते तपासणी करून ठरतं, शेजारणीच्या अनुभवावरून नव्हे. आणि एक पदार्थ काढला तर त्याच्या जागी काय, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने काढायला सांगू नये.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. त्याच्या मते गोळ्या हेच विष; देशी धान्य खा, सगळं बरं होतं. नगर जिल्ह्यात हा पक्ष राहीबाई पोपेरे यांचं नाव पुढे करतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंचा नातू आजारी पडला. त्यांना कारण दिसलं ते फवारणीच्या भाजीपाल्यात, आणि त्या गावरान बियाणं जपू लागल्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाने परसातला वाल आणि घेवडा पुन्हा ताटात आला, हे मोठंच काम आहे. पण वालाच्या शेंगांनी क्षयाचा जंतू मरत नाही. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. बियाण्याच्या पेटीला औषधाची पेटी समजणं हा राहीबाईंचाही अपमान आहे.

मग खरं काय? औषध जंतू मारतं, झिजलेलं अंग अन्न भरून काढतं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात ‘रेशन्स’ नावाची चाचणी झाली. क्षयरुग्णाला औषधासोबत महिन्याला दहा किलोचा शिधा मिळाला: तांदूळ, भाजक्या हरभऱ्याचं पीठ, दूधभुकटी, तेल. काही ठिकाणी घरच्यांनाही तांदूळ आणि डाळ दिली. तिथे घरच्यांमध्ये नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणजे पथ्य एकट्या रुग्णाचं नसतं, सगळ्या चुलीचं असतं. सरकार रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देतं. दिवसाचे तेहतीस रुपये. तेही घरातल्या सगळ्यांच्या एकाच पातेल्यात जातात.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नाची आणि पाण्याची होती. आरोळ्यांनी ती ऐकली, आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. आहाराचं ज्ञान चुलीपर्यंत पोचवायचं तर चुलीपाशी बसणारीलाच ते द्यावं लागतं, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे जिन्नसांचा दुष्काळ नाही. हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचा कूट: यातलं काहीच परदेशातून आणावं लागत नाही. पण गोठ्यातलं दूध पहाटे डेअरीच्या कॅनमध्ये जातं आणि आजाऱ्याला कोरा चहा मिळतो. पाथर्डीकडचं कुटुंब दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर निघालं की पथ्याचा कागद घरीच राहतो. त्याला ‘पौष्टिक खा’ सांगणं सोपं आहे, शिधा पोचवणं अवघड.

मराठीत वाढणं हे एकच क्रियापद आहे. ताटात वाढतात तेही तेच आणि अंगाने वाढतो तेही तेच. पथ्याचा अर्थ या शब्दात आहे, वगळण्यात नाही. तेव्हा आजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटं नकोत, अर्धा किलो हुलगे न्या, नाहीतर सहा अंडी. आणि आजारी घरातली बाई असेल, तर ती सगळ्यांच्या आधी जेवायला बसेपर्यंत उठू नका.